पंधरा तासांच्या अंतरावरचा दादा

दोन विमानतळांमधले सरळ अंतर बारा हजार सहाशे किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर येते ते. प्रत्यक्षात त्या दोऱ्यावरून एकही विमान जात नाही. वाटेत वादळे असतात, बंद केलेले आकाश असते, डोंगर असतात आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा असतो. इकडून तिकडे जाताना वारा पाठीशी असतो, विमान तेरा तासांत पोचते. तिकडून इकडे येताना तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. मग पंधरा लागतात, कधी सोळाही.

धाकटीला झोपेतून उठवून विचारले असते तरी तिने हे सांगितले असते. ती एका विमान कंपनीच्या नियोजन कक्षात डिस्पॅचर होती. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती उंचीवरून जाईल, किती इंधन घेईल, उतरायच्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसरीकडे कुठे उतरेल, हे ठरवून आराखड्यावर पहिली सही करायची हे तिचे काम. दुसरी सही कॅप्टनची. घरी दोन भावंडांत लहान म्हणून ती धाकटी, आणि चाळिशी उलटली तरी धाकटीच राहिली होती. दादा सहा वर्षांनी मोठा. तो त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पुलांचे नकाशे काढायच्या नोकरीत होता आणि तिकडेच स्थिरावला होता.

आईला रुग्णालयात ठेवून आठवडा होत आला होता. हृदय थकले होते. फुप्फुसांत पाणी साचायचे, औषधाने उतरायचे, पुन्हा साचायचे. दादा रोज फोन करायचा.

"मी येऊ का?"

"थांब जरा. आज उतार आहे."

"अगं, पण नंतर घाई व्हायची."

"दादा, तू पंधरा तासांवर आहेस. डॉक्टर जे सांगतात ते दिवसांत सांगतात. वेळ आली की मी पहिला फोन तुला करीन."

"तू म्हणशील तसं. तुझ्याएवढं मला कुठं कळतंय यातलं?"

हे तो टोमणा म्हणून म्हणत नसे. घरात प्रवासाचा प्रश्न आला की धाकटीचा शब्द शेवटचा, असे ठरूनच गेले होते.

नियोजन कक्षात नवीन माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. अंदाजावर धावपळ करायची नाही. सकाळी आलेला वाऱ्याचा अंदाज दुपारपर्यंत फिरतो. शेवटचे वारे येऊ द्यायचे आणि मगच आराखडा पक्का करायचा. जो आधी पक्का करतो त्याला दोनदा करावा लागतो. धाकटीने हे इतकी वर्षे केले होते की आईच्या आजारातही तिने तेच केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही," की ती ते अंदाज म्हणून बाजूला ठेवायची आणि पक्क्या शब्दाची वाट बघायची.

दादाला थांबवण्याचे हे एक कारण होते. ते ती कोणालाही सांगू शकली असती. दुसरे कारण तिने स्वतःलाही नीट सांगितले नव्हते.

दादा दोन वर्षांनी एकदा यायचा. तो येणार म्हटले की आई आठ दिवस आधीपासून पडदे धुवायला काढायची. तो आला की फाटकापर्यंत जायची, गुडघे दुखत असले तरी. धाकटी रोज संध्याकाळी घरी यायची तेव्हा आई आतूनच म्हणायची, "आलीस का? दार लाव." आईची औषधे, रक्ताच्या तपासण्या, चष्म्याची काच, नळाची गळती हे सगळे धाकटीकडे. दादाकडे फक्त येणे. आणि तो आला की आई शेजारणीला सांगायची, "आता कसं घर भरलं." धाकटी तेव्हा स्वयंपाकघरात असायची आणि तिला सगळे ऐकू यायचे.

रुग्णालयात मात्र वेगळे झाले. डोळे उघडले की आई तिलाच शोधायची. सुई टोचायला कोणी आले की तिचाच हात धरायची. एका सकाळी आई म्हणाली, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." असे वाक्य धाकटीने आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. दादा आला की हे संपणार, हे तिला कळत होते. दोन दिवस आणखी, एवढेच तिला हवे होते.

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला आईने विचारले, "दादा निघाला का?"

धाकटी खिडकीचा पडदा ओढत होती. पाठ आईकडे होती. ती म्हणाली, "निघाला, आई."

"नक्की?"

"नक्की."

"किती तास?"

"पंधरा."

आईने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तिची सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर झाली होती. गाडी कधी सुटली आणि कधी येईल हे तिने जन्मभर लोकांना सांगितले होते आणि मनातल्या मनात तास मोजायची तिला सवय होती. "म्हणजे उद्या सकाळी सात," ती म्हणाली. "इथवर यायला आणखी एक तास धर. आठ."

"हो. आठ."

धाकटी लगेच फोन हातात घेऊन बाहेर गेली. दादाला आता निघ म्हणून सांगायचे आणि आईला उद्या काहीतरी कारण द्यायचे, असे तिच्या मनात होते. बाहेर डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, पाणी बरेच उतरले आहे, आजचा दिवस चांगला गेला. धाकटीने फोन पर्समध्ये ठेवला. रात्री जेवणाच्या वेळेला दादाचाच फोन आला.

"काय म्हणते आई?"

"आज बरी आहे. छान बोलली माझ्याशी."

"काय बोलली?"

"असंच. इकडचं तिकडचं."

मंगळवारी सकाळी धाकटी सात वाजायच्या आत रुग्णालयात पोचली. आई जागी होती. तिने मावशीकडून केस विंचरून घेतले होते, चादर बदलायला लावली होती आणि उशी उंच करून घेतली होती. मावशी म्हणजे आईची लहान बहीण. रात्रीची सोबत तिच्याकडे होती. "पहाटेपासून डोळे मिटले नाहीत हिने," मावशी हसत म्हणाली. "लेक येणार म्हणून नटून बसलीय. माझ्या लग्नात पण एवढी नटली नव्हती."

"तुझ्या लग्नात नटायला वेळ कुठं होता?" आई म्हणाली. "तुझाच अंबाडा घालत बसले होते."

आठ वाजले. साडेआठ वाजले. दारातून कोणी आले की आई मान उचलायची. नऊ वाजता तिने विचारले, "आज वारा उलटा आहे का गं?"

धाकटी जेवताना कधीमधी कामाचे बोलायची, त्यातले आईच्या लक्षात राहिले होते.

"हो, आई. उलटा आहे."

आईने मान डोलावली. "मग लागणारच वेळ."

धाकटी त्या दिवशी कामावर गेली. दुपारी मावशीचा फोन आला, अगं, दादा कुठे राहिला? धाकटी म्हणाली, "विमान रद्द झालं, मावशी. तू नको बोलूस, मी सांगते आईला संध्याकाळी." संध्याकाळी तिने तसे सांगितलेही. आईने ऐकून घेतले आणि काही विचारले नाही. पुढची गाडी कधी, असेही नाही. चौकशी खिडकीवर एकच प्रश्न चारदा विचारणाऱ्या माणसाला चारदा तेच उत्तर मिळते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली.

बुधवारी ती कमी बोलली. गुरुवारी सकाळी तिला हाक मारावी लागत होती आणि हाकेला ओ यायला वेळ लागत होता. डॉक्टरीणबाई धाकटीला दाराबाहेर घेऊन गेल्या.

"कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

"किती वेळ आहे?"

"ते मी सांगू शकत नाही. पण आज बोलवा."

पक्का शब्द आला होता.

दादाने पहिल्या घंटीलाच फोन उचलला. धाकटीने सांगितले, "निघ." त्याने एकही प्रश्न विचारला नाही. थेट विमान त्याच दिवशी होते, धाकटीच्याच कंपनीचे, आणि त्यात एक जागा शिल्लक होती. ती तिने स्वतः फोनवरून त्याच्या नावावर करून घेतली. मग तिने मावशीला थांबायला सांगितले आणि ती कामावर गेली.

सुट्टी का नाही घेतली, हे तिला नंतर बऱ्याच जणांनी विचारले. रुग्णालयात तिला आईच्या समोर बसवत नव्हते, हे एक. आणि दादाचे विमान त्या दिवशी तिच्याच टेबलावर होते, हे दुसरे.

नियोजन कक्षात खिडक्या नव्हत्या. सहा टेबले, प्रत्येकावर संगणकाचे तीन पडदे, आणि समोरच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, त्यावर सरकणारी पिवळी विमाने. कोपऱ्यातल्या टेबलावर हवामान बघणारा बसायचा. त्याला सगळे वेधशाळा म्हणायचे. तो ऊन पडेल म्हणाला की लोक छत्री शोधायचे.

"काय वेधशाळा, आज काय?" धाकटीने विचारले.

"तुमच्या पश्चिमेकडे येणाऱ्या वाटेवर आज वारा पिसाळलाय," तो म्हणाला. "आणि सकाळी आपल्याकडे धुकं. आज मी खरं बोलतोय, शप्पथ."

"तेच तर घाबरायचं कारण आहे."

कक्षात एक अलिखित नियम होता. ज्या विमानात घरचे माणूस असेल त्याचा आराखडा आपण करायचा नाही. शिफ्टप्रमुखाला सांगायचे, तो विमान दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतो. कोणी कारण विचारत नाही, कोणी हसत नाही. शिफ्टप्रमुख स्वतः बायको माहेरी निघाली की टेबल सोडून चहा प्यायला जायचा आणि परत आल्यावर विचारायचा, "गेली का सुखरूप?" मग सगळे म्हणायचे, "कोण, विमान की वहिनी?"

धाकटीने कोणाला काही सांगितले नाही. ती टेबलाशी बसली आणि आराखडा करायला घेतला.

हिशेब अवघड नव्हता, पण आवळलेला होता. विमान भरलेले होते. उलट्या वाऱ्यात सोळा तास लागणार होते. पहाटे धुके पडले तर दूरच्या विमानतळावर जाऊन उतरावे लागेल, तेवढे इंधन वेगळे ठेवायला हवे होते. विमानाला घेऊन उडता येईल अशा वजनाला मर्यादा असते. माल तिने आधीच खाली ठेवायला लावला होता. तरीही नियमाप्रमाणे लागणारे इंधन घातल्यावर काटा मर्यादेला जवळजवळ टेकला.

अडचण नियमाची नव्हती. धाकटी नियमावर थांबत नसे, ही अडचण होती. उलट्या वाऱ्याच्या आणि धुक्याच्या दिवशी ती नियमाच्या वर थोडे जादा इंधन घालायचीच. कंपनीला ते खर्चिक वाटायचे, वरिष्ठ अधूनमधून कुरकुरायचे, ती बधायची नाही. वैमानिक त्याला बाईंची शिदोरी म्हणायचे. शिदोरी आज घालायची तर वजन मर्यादेबाहेर जात होते. अशा दिवशी ती करायची ते असे: कमी इंधनात विमान सोडायचे, वाटेतल्या एका विमानतळावर उतरवायचे, तिथे इंधन भरायचे आणि पुढे पाठवायचे. त्यात अडीच तास जातात.

अडीच तास.

तिने शिदोरीच्या रकान्यात शून्य घातले. आराखडा नियमात बसत होता. कोणीही तपासला असता तरी बोट ठेवायला जागा नव्हती. तिने सही केली आणि तो पाठवून दिला.

थोड्या वेळाने तिकडच्या विमानतळावरून कॅप्टनचा फोन आला. केस पिकलेला, सावकाश बोलणारा माणूस. इतकी वर्षे तो धाकटीच्या आराखड्यांवर उडत होता. समोरासमोर ते दोन-तीनदाच भेटले असतील.

"बाई, नमस्कार. शिदोरी विसरलात का आज?"

"नाही, कॅप्टन. वजन बसत नाहीये."

"मग वाटेत उतरवता तुम्ही नेहमी."

"आज नियमात बसतंय."

"नियमात बसतंय ते मला दिसतंय. तुमच्यात बसतंय का, ते विचारतोय."

धाकटीने शिदोरीच्या रकान्यातल्या शून्याकडे पाहिले.

"तुमचं नाव असलं की मी आकडे दुसऱ्यांदा बघत नाही," कॅप्टन म्हणाला. "आज बघितले, कारण ते तुमचे वाटेनात. वारा कमी होणार आहे का? वेधशाळा काही म्हणतोय का वेगळं? तसं असेल तर सांगा, मी आहे असा घेऊन निघतो."

त्याला हो म्हणणे सोपे होते. वारा उतरेल असे वाटतेय, एवढे तिने म्हटले असते तर तो निघाला असता. मागे तीनशे माणसे होती आणि त्यातला एक दादा. सोमवारी पडद्याशी उभी राहून तिने आईला असाच एक शब्द दिला होता, आणि तो देतानाही आवाज इतकाच शांत होता.

"कॅप्टन," ती म्हणाली, "माझा भाऊ आहे त्या विमानात. आई अत्यवस्थ आहे इकडे. मी आराखडा करायलाच नको होता."

पलीकडे कॅप्टनने आराखड्याचे कागद मिटल्याचा आवाज आला.

"बरं," कॅप्टन म्हणाला. रागावला नाही. "प्रमुखांना फोन द्या. आणि तुम्ही आईजवळ जा."

शिफ्टप्रमुखाने तिच्या खुर्चीवर बसून नवा आराखडा केला. विमान वाटेत उतरेल, इंधन भरेल, मग इकडे येईल. काम होईपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिले नाही. वेधशाळा आपल्या पडद्यात डोके घालून बसला होता. विनोद कोणी केला नाही.

"मला का नाही सांगितलंस?" प्रमुखाने सही केल्यावर विचारले.

"तुम्ही वाटेत उतरवलं असतं."

"तूही उतरवलं असतंस. रोज उतरवतेस." तो खुर्चीवरून उठला. "दुसरं कोणी असतं तर आत्ता घरी पाठवून दिलं असतं. तुलाही पाठवतोय, फक्त कारण वेगळं आहे. बाकीचं आपण नंतर बोलू. बोलावं लागेल, एवढं लक्षात ठेव."

"हो."

"जा आता. आई कशी आहे?"

"झोपून आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे धुके पडले आणि पहिल्या आराखड्यातल्या उतरायच्या वेळेआधीच विरले. वाराही अंदाज होता तेवढाच निघाला. म्हणजे धाकटीच्या पहिल्या आराखड्यावर विमान सुखरूप आले असते आणि दादा अडीच तास आधी पोचला असता. हे तिने विमानतळावर उभ्याउभ्या फोनवर तपासून घेतले. सवय जात नाही.

दादा बाहेर आला तो एका लहान बॅगेसह. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर एका बाजूला मुडपलेली. तिने कॉलर सरळ केली.

"आहे ना?" त्याने विचारले.

"आहे."

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मध्येच कुठेतरी उतरवलं बघ. लोक वैतागले होते. मी तर घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं."

"इंधनासाठी. वारा होता." आणि मग ती बोलतच सुटली. वारा किती होता, वजन किती होते, धुक्यासाठी वेगळे इंधन का ठेवावे लागते, वाटेत उतरवले नसते तर काय झाले असते. पहिला आराखडा तिने केला होता आणि तो बदलावा लागला, हेही सांगितले. सांगायला सोपे होते ते सगळे सांगितले. रस्ता गर्दीचा होता, वेळ भरपूर होता, आणि सोमवारबद्दल ती बोलणार होती. दर चौकात तिला वाटायचे, आता सांगते. मग सिग्नल सुटायचा.

"तू होतीस म्हणून," दादा म्हणाला. "नाहीतर मला जागा तरी मिळाली असती का?"

तिने गिअर बदलला.

खोलीत मावशी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली होती. दादा दिसताच ती उठली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि खुर्ची त्याला दिली. आईचे डोळे मिटलेले होते. श्वास चालू होता, वरवरचा, मध्ये थांबणारा. दादाने तिचा हात हातात घेतला.

"आई, मी आलोय."

काही झाले नाही. त्याने पुन्हा म्हटले. आईच्या भुवईजवळ काहीतरी हलल्यासारखे वाटले, पण ते श्वासाचेही असेल.

"बोलत नाही का?"

"कालपासून नाही," मावशी म्हणाली. "परवा थोडं पाणी मागितलं, तेवढंच."

"माझी आठवण काढली का कधी?"

"काढली का म्हणजे?" मावशीचा स्वर चढला. "मंगळवारी सकाळी केस काय, चादर काय, उशी काय! पहाटेपासून दाराकडे डोळे लावून बसली होती. मेल्या त्या विमानवाल्यांना त्याच दिवशी विमान रद्द करायला सुचलं! ते रद्द झालं नसतं तर भेट झाली असती रे तुमची. बोलत होती तेव्हा, चांगली हसत होती."

दादाने मावशीकडे पाहिले. मग धाकटीकडे. "कुठलं विमान?"

धाकटी दाराशी उभी होती. हातात गाडीची किल्ली होती.

"मंगळवारी मी कुठं निघालो होतो?" त्याने पुन्हा विचारले. आवाज वाढला नव्हता.

"नव्हता निघालास," धाकटी म्हणाली. "आईने सोमवारी विचारलं, दादा निघाला का. मी हो म्हटलं. मी तुला फोन केलाच नाही."

"सोमवारी रात्री बोललो की आपण."

"हो."

"तू म्हणालीस, इकडचं तिकडचं बोलली."

"हो."

मावशी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. "अगं, पण का?" ती म्हणाली. "का गं असं केलंस?"

डॉक्टर त्या दिवशी उतार आहे म्हणाल्या होत्या, हे धाकटीच्या जिभेवर आले होते. ते खोटे नव्हते.

"तू आलास की आई तुझी होते," ती दादाला म्हणाली. "मला आणखी दोन दिवस हवे होते."

आईचा हात दादाने सोडला नव्हता. तो म्हणाला, "तू बाहेर थांब थोडा वेळ."

ती बाहेर जाऊन बाकावर बसली. दार पुरते लागत नसे, बोटभर फट राहायची. समोरून एक परिचारिका औषधांची गाडी ढकलत गेली आणि तिने ओळखीचे हसून मान हलवली. धाकटीनेही हलवली. मग आतून दादाचा आवाज आला, हळू, लहान मुलाशी बोलावे तसा.

"आई, चुकलंच माझं. मी मंगळवारी यायला हवं होतं. कामात अडकलो गं. निघायलाच जमलं नाही मला. तू वाट बघत बसलीस. माझ्यामुळे झालं."

धाकटी उठली. दादा हे तिला वाचवायला करत नाही, हे तिला कळत होते. आईला लेकीने फसवले असे आईच्या कानावर जाऊ नये, जे काही कानावर जात असेल त्यात ते नसावे, म्हणून तो बोलत होता. तो असाच होता. लहानपणी फुटलेल्या काचा त्याने स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या आणि आईने ते खरे मानले होते. या वेळीही मानेल. आपला मुलगा कामात अडकला आणि आला नाही, एवढे घेऊन ती जाईल.

ती आत गेली. दादाने मान वर केली आणि नको अशी खूण केली. मावशीने तिचा दंड धरला.

"राहू दे आता," मावशी कुजबुजली. "कशाला तिला त्रास?"

"तो कामात नव्हता अडकला, आई," धाकटी म्हणाली. "तो रोज विचारत होता, येऊ का म्हणून. मीच येऊ दिलं नाही."

दादाने खुर्ची सोडली नाही, तिला जवळ ये असेही म्हटले नाही. आईचा श्वास थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मावशीचा हात दंडावरून सुटला. धाकटी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि सोमवारी दुपारपासूनचे सगळे आईला ओळीने सांगू लागली.